पेरूत जन्म, लंडनमध्ये वनवास आणि स्पेनच्या वाइनला ओकची चव लावणारा लुसियानो मुरिएता

स्पेनची परवडणारी रेड वाइन कोणती घ्यावी, असं कुणालाही विचारा. दहापैकी सात जण तरी म्हणतील, रिओहाची क्रियांसा घे. स्पेनच्या सुपरमार्केटमध्ये ती साधारण दहा युरोच्या आत मिळते. ग्लास नाकाशी नेला की लाल फळांच्या मागून व्हॅनिलाचा, कधी खोबऱ्याचा वास येतो.

हा वास द्राक्षाचा नाही, लाकडाचा आहे. आणि रिओहात वाइन लाकडी पिंपात मुरवायची पद्धत ज्यांच्यामुळे रुजली, त्यात एक नाव फार वर घेतलं जातं. ते म्हणजे लुसियानो मुरिएता. हा माणूस ना शेतकरी होता ना वाइनवाला. होता फौजी, तोही देशातून बाहेर काढलेला.

फौजी ते निर्वासित

मुरिएताचा जन्म १८२२ मध्ये पेरूमधल्या आरेकिपा शहरात झाला. घराणं मूळचं स्पेनच्या बास्क भागातलं, व्यापारात पैसा कमावलेलं. पण तेव्हा पेरू स्पेनच्या हातून निसटत होता. स्पॅनिश कुटुंबांना तिथे फार काळ थांबण्यात अर्थ उरला नव्हता. नातेवाइकांचा व्यवसाय लंडनमध्ये होता, त्यामुळे लुसियानो लहानपणीच तिकडे पोचला.

पेढीवर बसला असता तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण त्याने स्पेनच्या सैन्यात जायचं ठरवलं आणि जनरल बाल्दोमेरो एस्पार्तेरोचा सहायक झाला.

एस्पार्तेरो म्हणजे त्या काळातलं स्पेनमधलं सगळ्यात मोठं प्रस्थ. गादीच्या वारसाहक्कावरून पेटलेलं यादवी युद्ध त्याने जिंकून दिलं होतं. राणी इसाबेल दुसरी लहान होती, म्हणून १८४० पासून देशाचा कारभारही त्याच्याच हातात आला. पण तीन वर्षांत वारं फिरलं. १८४३ मध्ये उठाव झाला आणि जनरलसाहेबांना देश सोडून लंडन गाठावं लागलं. मुरिएताही सोबत गेला.

लंडनमधल्या श्रीमंतांच्या टेबलावर तेव्हा बोर्दोची फ्रेंच रेड वाइन असायची. वर्षानुवर्षं टिकणारी, जुनी झाली की जास्त भाव खाणारी. रिओहाच्या वाइनचं तिथे नावही नव्हतं. आणि एस्पार्तेरोची बायको तर रिओहातल्या लोग्रोन्यो शहराची, मळे आणि बोदेगा, म्हणजे वाइनचं तळघर, असलेल्या घरातली. म्हणजे घरची द्राक्षं असूनही जनरल लंडनमध्ये फ्रेंच वाइन बघत बसलेले. इथूनच मुरिएताच्या डोक्यात किडा वळवळला असावा.

द्राक्षं चांगली, मग घोडं कुठे अडलं?

घोडं अडलं होतं साठवणीत. रिओहात अख्खे घड दगडी हौदात टाकायचे, पायांनी तुडवायचे आणि झालेली वाइन वर्षभरात पिऊन संपवायची. गावाबाहेर न्यायची तर बकऱ्याच्या कातड्याच्या पिशव्यांत भरून खेचरांवर लादायची. पिशवीला आतून डांबरासारखा राळेचा लेप. वाइनला त्याचाच वास लागायचा आणि उन्हाळा आला की ती आंबायची. नवं पीक आलं की जागा करायला जुनी वाइन ओतून द्यावी लागे.

परतीची वाट मोकळी झाल्यावर मुरिएता थेट बोर्दोला गेला आणि तिथलं तंत्र शिकला. देठ वेगळे काढायचे, स्वच्छता पाळायची आणि मुख्य म्हणजे वाइन ओकच्या पिंपात शांतपणे पडू द्यायची. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अगदी थोडी हवा आत जाते. त्याने वाइनचा तुरटपणा मऊ होतो आणि रंग स्थिरावतो. लाकूड आपला वासही देतं.

१८५२ मध्ये लोग्रोन्योला, एस्पार्तेरोच्याच बोदेगात, त्याने या पद्धतीची पहिली वाइन काढली. लहान पिंपांत भरून ती क्युबा आणि मेक्सिकोला पाठवली. मेक्सिकोला निघालेला माल जहाजासकट बुडाला, पण हवानाला पोचलेली वाइन उत्तम अवस्थेत होती आणि हातोहात विकली गेली, असं सांगतात. कातडी पिशवीतली वाइन शेजारच्या प्रांतात जाईपर्यंत बिघडायची. ही अटलांटिक ओलांडून गेली.

पण हा पहिला नव्हता

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सोशल मीडियावरच्या रील्समध्ये मुरिएताला सरळ रिओहाचा जनक करून टाकतात. पण त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी मानुएल किंतानो नावाच्या एका पाद्र्याने हेच केलं होतं. रिओहातल्याच लाबास्तिदा गावचा हा माणूस. तोही बोर्दोला जाऊन शिकून आला होता. त्याचीही वाइन पिंपांतून अमेरिकेत धडधाकट पोचली होती.

मग तो का फसला? भावामुळे. पिंपं महाग आणि वाइन अडकून पडणार, म्हणून त्याला जास्त दर हवा होता. गावच्या इतर उत्पादकांनी हरकत घेतली आणि सगळ्यांच्या वाइनला एकच दर, हा नियम त्याच्यावर आला. पिंपांचा खर्चच निघेना, तर कोण कशाला थांबेल? प्रयोग गुंडाळला गेला.

माझ्या मते मुरिएताच्या कहाणीतला खरा मुद्दा हाच आहे. तंत्र दोघांकडे होतं. मुरिएताकडे त्याशिवाय एका ताकदवान जनरलची बोदेगा होती आणि पाठीशी पैसेवालं घराणं. वाइन मुरवणं म्हणजे भांडवल अंधारात कोंडून ठेवणं. ते ज्याला परवडतं त्याचं नाव बाटलीवर येतं. मेहनत खोटी ठरत नाही, पण किंतानोला विसरणंही बरोबर नाही.

नशिबाने दिलेली साथ

पुढची काही दशकं रिओहाची होती. एल्सिएगो गावात मार्केस दे रिस्काल हेही बोर्दोच्याच वाटेने निघाले होते. १८६३ मध्ये बिल्बाओ बंदराशी जोडणारी रेल्वे आली. त्याच दशकात फ्रान्सच्या मळ्यांत फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड शिरली. मळे सुकू लागले तसे फ्रेंच व्यापारी वाइन शोधत डोंगर ओलांडून रिओहात उतरले. पिंपांचं शास्त्र आता बड्या बोदेगांपुरतं राहिलं नाही.

१८७२ मध्ये राजा आमादेओने मुरिएताला मार्केस, म्हणजे सरदारकीचा किताब दिला. त्याच दशकात त्याने लोग्रोन्योजवळची इगाय ही जमीन घेतली आणि दुसऱ्याच्या तळघरात सुरू झालेलं काम स्वतःच्या मळ्यात नेलं.

बाटलीवर काय वाचायचं?

मुरिएताने घेतलेला थांबण्याचा धोका आज नियम बनून लेबलवर छापलेला असतो. रिओहाच्या रेड क्रियांसाला किमान २ वर्षं मुरवावं लागतं, त्यातलं निदान १ वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वाला ३ वर्षं, त्यात पुन्हा किमान १ वर्ष पिंपात. ग्रान रेसेर्वाला ५ वर्षं. पिंपात न ठेवलेली ताजी वाइन ती होवेन. एक लक्षात ठेवा, स्पेनच्या इतर बऱ्याच भागांत क्रियांसाला पिंपात ६ महिनेही पुरतात. त्यामुळे शब्द तोच असला तरी भाग बघून घ्या.

फरक कळायचा सोपा उपाय म्हणजे रिओहाची एक होवेन आणि एक क्रियांसा शेजारी शेजारी ठेवून चाखणं. दोन्हींत द्राक्ष बहुतेक तेम्प्रानिओच असेल. होवेनमध्ये चेरीसारखं फळ पुढे येतं. क्रियांसात व्हॅनिला, मसाल्याचा हलका वास आणि हिरड्यांवर जाणवणारा तुरटपणा. अमेरिकन ओक असेल तर खोबरंही. गरम हवेत बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नुसता अल्कोहोल नाकात जातो.

सोबत खायला काय? रिओहातलं उत्तर ठरलेलं आहे, द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या चॉप्स. तुरटपणा आणि चरबी एकमेकांना सावरून घेतात. खर्च कमी ठेवायचा तर बटाटे आणि चोरिसो सॉसेजचा रस्सा, पातातास आ ला रिओहाना. तोही नको तर मांचेगो चीज. होवेनला अंडं-बटाट्याची तोर्तिया पुरते. आपल्या तांबड्या रश्श्यासोबत मात्र ओकवाली क्रियांसा उघडू नका. तिखटाबरोबर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही जास्त चावतात. होवेन थोडी थंड करून घेतलेली बरी. तेम्प्रानिओ आता नाशिकच्या मातीतही लावली जाते, तेव्हा चाखायला स्पेनलाच जायला हवं असंही नाही.

शेवटची वर्षं

फ्रान्सची वाट लावणारी कीड विसाव्या शतकाच्या तोंडावर रिओहातही पोचली. ज्या संकटाने इथे गिऱ्हाईक आणलं, तेच आता दारात होतं. अमेरिकन मुळांवर कलम करून वेली नव्याने लावण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुरिएता तेव्हा ऐंशीच्या घरात होता. त्याने लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. १९११ मध्ये इगायलाच त्याचा मृत्यू झाला. पुढे मालक बदलत गेले, पण बोदेगा चालू राहिली. तिची कास्तियो इगाय ग्रान रेसेर्वा आज भल्याभल्यांच्या खिशाला परवडत नाही. त्यामानाने साधी क्रियांसा मात्र अजूनही आवाक्यात आहे.