श्रीचक्रधर : चरित्र आणि त्यातील प्राणिसृष्टी

प्रास्ताविक

मराठी गद्याचा आरंभ अभ्यासताना आपण लीळाचरित्रापाशी येतो. या ग्रंथाचे नायक श्रीचक्रधर हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक. त्यांचे तत्त्वज्ञान आणि त्यांची वाङ्मयीन प्रेरणा यांचा विचार इतर घटकांत येतोच. प्रस्तुत घटकात त्यांचे चरित्र एका विशिष्ट बाजूने पाहावयाचे आहे. या चरित्रात ससा आहे, पारध्यांची कुत्री आहेत, कावळा आहे, हत्तीही आहे. एका धर्मसंस्थापकाच्या चरित्रात या प्राण्यांना स्थान का मिळाले, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

पूर्वायुष्य

महानुभाव परंपरेनुसार श्रीचक्रधरांचे पूर्वनाम हरिपाळदेव. गुजरातमधील भडोच येथील विशाळदेव नावाच्या प्रधानाचे ते पुत्र. तारुण्यात त्यांना द्यूताचा नाद होता. एकदा मोठा डाव हरल्यावर देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे अलंकार मागितले आणि तिने ते देण्यास नकार दिला. या प्रसंगाने त्यांना संसारातील नात्यांची मर्यादा उमगली व ते विरक्त झाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले.

वाटेत ते वऱ्हाडात रिद्धपूर येथे आले. आजच्या अमरावती जिल्ह्यातील हे गाव त्या काळी गोविंदप्रभूंचे निवासस्थान होते. गोविंदप्रभू वेड्यासारखे वागत, बाजारात हिंडत, मुलांत खेळत; तरीही गावातील लहानथोर त्यांना मायबाप मानीत. त्यांनी दिलेल्या शेंगुळ्याच्या प्रसादातून हरिपाळदेवांना ज्ञानशक्ती प्राप्त झाली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. यानंतर ते सालबर्डीच्या डोंगरात गेले व तेथे त्यांनी बारा वर्षे एकांतवास केला, असे सांगितले जाते.

पारध्यांचा ससा

एकाकी भ्रमणाच्या या कालखंडातील लीळा लीळाचरित्राच्या ‘एकांक’ या भागात आहेत. त्यांपैकी सशाच्या रक्षणाची लीळा विशेष प्रसिद्ध आहे. स्वामी झाडाखाली बसले असता कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येतो आणि त्यांच्या मांडीखाली शिरतो. कुत्री तेथे येऊन थांबतात. मागून पारधी येतात आणि ससा सोडण्याची विनंती करतात. हा ससा पैजेचा आहे. त्याच्यावरून आपसांत शस्त्रे निघण्याची वेळ येईल, अशी त्यांची अडचण असते. आश्रयास आलेल्या जिवाला मरणाच्या हाती देता येणार नाही, ही स्वामींची भूमिका असते. रानातील गवतपाण्यावर जगणाऱ्या, कोणाचे काही न घेणाऱ्या या जिवांना का मारावे, असे ते पारध्यांना विचारतात. पारधी हिंसा सोडण्याचे मान्य करून निघून जातात. मग स्वामी मांडी उचलतात आणि एखाद्या थोर पुरुषाला निरोप द्यावा तशा आदराने सशाला जाऊ देतात.

या लीळेतील तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, येथे चमत्कार नाही. संवादातून मनःपरिवर्तन घडते. दुसरी, दोष कुत्र्यांना दिलेला नाही. ती माणसाने सोडली म्हणून धावली. प्रश्न विचारला जातो तो माणसांना. तिसरी गोष्ट पैजेची. ज्याने पूर्वायुष्यात द्यूताचा डाव हरल्यावर घर सोडले, त्याच्यापुढे आता दुसऱ्यांची पैज येते आणि त्या पैजेत एका जिवाचे प्राण पणाला लागलेले असतात. चरित्रकार हा संबंध जोडून दाखवीत नाही. वाचकाने तो स्वतः पाहावयाचा आहे.

अहिंसा हे पुढे महानुभाव आचारधर्माचे प्रमुख अंग ठरले. त्या तत्त्वाचे प्रत्यक्ष रूप या लीळेत दिसते.

निरूपणातील प्राणी

इ. स. 1267 च्या सुमारास पैठण येथे श्रीचक्रधरांच्या कार्याचे नवे पर्व सुरू झाले. नागदेवाचार्य, बाइसा, महदाइसा असे शिष्य त्यांच्याभोवती जमले. स्त्रियांना आणि शूद्रांना त्यांनी ज्ञानाचा व संन्यासाचा अधिकार दिला. त्यांच्या संचारात वऱ्हाडातील अनेक गावे येतात. अकोला जिल्ह्यातील आलेगाव हे त्यांपैकी एक.

शास्त्राचे शिक्षण नसलेल्या श्रोत्यांशी ते रोजच्या मराठीत बोलत. म्हणून त्यांच्या निरूपणात परिचयाचे प्राणी येतात. हत्तीचा एकेक अवयव चाचपून तोच हत्ती समजणाऱ्या जन्मांधांचा दृष्टांत केशिराजबास यांनी संकलित केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त आहे. शेणाचे घर बांधणारा कावळा आणि मेणाचे घर बांधणारी साळै यांची गोष्टही लीळाचरित्रात आढळते. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो दुसऱ्याच्या दाराशी येतो. पुढे साळैची जागा चिमणीने घेतली आणि घरोघरी लहान मुलांना सांगितली जाणारी ही गोष्ट आजही जिवंत आहे. मराठी बालकथेचा हा सर्वांत जुना लिखित पुरावा मानला जातो.

लीळांचे जतन

परंपरेनुसार इ. स. 1274 च्या सुमारास श्रीचक्रधर उत्तरेकडे निघून गेले. शिष्यपरिवार रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहू लागला. तेथे म्हाइंभटांनी लीळा गोळा करण्याचे काम हाती घेतले. म्हाइंभट हे संस्कृतचे विद्वान. परंतु स्वामींना पाहिलेल्या व्यक्तींकडे गावोगाव जाऊन त्यांनी आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. इ. स. 1278 च्या सुमारास रिद्धपूर येथे लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे मूळ प्रत नष्ट झाली, तेव्हा हिराइसेसारख्या शिष्यांनी कंठस्थ ठेवलेल्या पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. नंतर पोथ्या सांकेतिक लिप्यांत गेल्यामुळे हे वाङ्मय शतकानुशतके बाहेरच्या वाचकापासून दूर राहिले. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी लिपीची उकल केली, तर ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते या संशोधकांनी लीळाचरित्राचे संपादन केले. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.

समारोप

केवळ सिद्धान्त टिकवावयाचा असता तर सूत्रे पुरेशी होती. म्हाइंभटांनी मात्र स्वामींचे बसणे, उठणे, बोलणे, मांडीखाली आलेला ससा आणि सहज सांगितलेली गोष्टही नोंदण्याजोगी मानली. श्रीचक्रधरांच्या दृष्टीने कोणताही जीव क्षुल्लक नव्हता; त्यांच्या चरित्रकाराच्या दृष्टीने कोणताही प्रसंग क्षुल्लक नव्हता. गुरूची जीवदृष्टी शिष्याच्या लेखनदृष्टीत उतरली, म्हणून मराठीच्या या आद्य चरित्रग्रंथात लहानशा जिवांनाही जागा मिळाली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. सशाच्या लीळेतून श्रीचक्रधरांचा अहिंसाविचार कसा प्रकट होतो, ते स्पष्ट करा.

2. आपल्या घरी सांगितली जाणारी कावळा-चिमणीची गोष्ट लिहून काढा व लीळाचरित्रातील गोष्टीशी तिची तुलना करा.