मांसाची तपासणी करायला लावणारे डॉक्टर : रुडॉल्फ फिरखो



डॉक्टर म्हटले की रोग्याची नाडी पाहणारी व्यक्ती आपल्यासमोर येते. परंतु खाटकाकडील मांससुद्धा तपासलेच पाहिजे, असा आग्रह धरणारे एक थोर डॉक्टर १९व्या शतकात जर्मनीत होऊन गेले. त्यांचे नाव रुडॉल्फ फिरखो.

त्यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनिया प्रांतात झाला. घरची परिस्थिती साधारण होती. पण अभ्यासातील हुशारीमुळे त्यांना बर्लिन येथे वैद्यकीय शिक्षण मिळाले. १८४८ मध्ये सरकारने त्यांना सायलेशियातील तापाची साथ पाहण्यास पाठविले. गरिबी, अशिक्षितपणा व सरकारचे दुर्लक्ष हीच साथीची मुळे आहेत, असे त्यांनी निर्भयपणे कळविले. त्याच वर्षीच्या क्रांतीत त्यांनी भाग घेतला व त्यामुळे त्यांना बर्लिन सोडावे लागले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परत आले. रोगाची सुरुवात शरीरातील पेशींत होते, हा त्यांचा सिद्धान्त १८५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या काळी जर्मनीत डुकराचे कच्चे मांस आवडीने खात. त्यात ट्रायकिनेला नावाचे बारीक कृमी असत. मांस दिसायला अगदी चांगले असे. फिरखो यांनी असे कृमी असलेले स्नायू कुत्र्याला खाऊ घालून, आतड्यात त्यांची वाढ होते हे दाखविले. १८६० मध्ये झेंकर या डॉक्टरांनी याच कृमींमुळे माणूस दगावतो हे सिद्ध केले. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन गावात ३००हून अधिक लोक आजारी पडले व सुमारे १०० दगावले.

मांस नीट शिजवा आणि विक्रीपूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, असे फिरखो लोकांना पुस्तिका लिहून सांगत राहिले. विक्रेत्यांनी विरोध केला, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे प्रशियात तपासणी सक्तीची झाली आणि १९०० मध्ये संपूर्ण जर्मनीसाठी कायदा झाला. बर्लिनमध्ये भुयारी गटारे व्हावीत म्हणूनही ते नगरसभेत झटले. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात ट्रायकिनेला क्वचितच आढळतो. परंतु डुकरातील पट्टकृमीचा धोका मोठा आहे. उघड्यावरील मैला डुकरे खातात, त्यातून त्यांच्या मांसात कृमींच्या गाठी होतात व ते मांस अर्धेकच्चे खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या मैल्यातील अंडी न धुतलेल्या हातांनी किंवा भाजीवाटे पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. म्हणजे शाकाहारी मनुष्यही सुरक्षित नाही! शेळ्यामेंढ्यांच्या रोगट आतड्या, काळीज कुत्र्यांना टाकल्यासही दुसऱ्या प्रकारचे कृमी पसरतात.

म्हणून मांस आतपर्यंत शिजवावे, भाज्या धुवाव्यात, शौचालयाचाच वापर करावा व हात साबणाने धुवावेत. कोणाला फिट आली, तर अंगारा-धुपारा करीत न बसता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. फिरखो यांच्या जीवनापासून आपण एवढा बोध घेतला, तरी पुष्कळ झाले.