डॉ. रखमाबाई : नवरात्रातील एक स्मरण

आज घटस्थापना. सिंधुदुर्गातील सातेरीच्या देवळांतून आजपासून माहेरवाशिणींची रीघ लागेल. वारुळाच्या रूपाने पूजिल्या जाणाऱ्या या भूमातेची खणानारळाने ओटी भरताना, घरची लेकसून सुखरूप मोकळी व्हावी, एवढेच कित्येक आयाबायांचे मागणे असते. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या मागण्यात फार मोठे भय दडलेले असे. काळोखी खोली, शेगडीचा धूर आणि उशाशी गावची सुईण. सुइणीच्या हातगुणाला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु मूल आडवे आले की तिचाही इलाज खुंटे. डॉक्टर मिळालाच तर तो परपुरुष. त्याच्यापुढे जायचे नाही आणि बायकांनी डॉक्टर व्हायचे नाही, अशा दुहेरी कुलुपात किती जीव गेले असतील! ते कुलूप उघडणाऱ्यांपैकी एक डॉ. रखमाबाई होत.

आपल्या किनाऱ्यावरची माणसे पोटासाठी ज्या मुंबईची वाट धरीत, त्याच मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी रखमाबाईंचा जन्म झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार ज्ञातीत तशी रीत होती. वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. तो पहिल्या न्यायाधीशांनी फेटाळला, अपिलात पुन्हा उभा राहिला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैदेची तयारी दर्शविली. टिळकांनी त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली, हे आम्ही लपवीत नाही. त्यांची थोरवी त्याने उणावत नाही. त्या मुलीला केवढ्या लोकमतापुढे एकटे उभे राहावे लागले, ते मात्र त्यावरून कळते. अखेर १८८८ मध्ये २००० रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली.

रखमाबाईंचे मन वैद्यकाकडे होते. त्यांना पाठबळ दिले मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी. या बाईंनी स्वतः काय सोसले होते पाहा. एडिंबरोस रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी वरचा क्रमांक मिळविला असता, केवळ स्त्री म्हणून त्यांच्या हक्काची शिष्यवृत्ती खालच्या क्रमांकाच्या पुरुषास देण्यात आली! तेव्हा ही वागणूक एकट्या आपल्याकडचीच नव्हे.

१८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या व लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकल्या. इंग्लंडमधील वैद्य व शल्यवैद्य यांच्या राजमान्य संस्था स्त्रियांस आपल्या परीक्षांना बसू देत नसत. म्हणून त्यांनी स्कॉटलंडच्या परीक्षा दिल्या, ब्रुसेल्सची एम. डी. मिळविली आणि त्या स्वदेशी परतल्या.

१८९५ पासून सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाचा भार त्यांनी वाहिला. आरंभी बायका तेथे बाळंतपणास येण्यास धजत नसत. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणवून तिचे बाळंतपण रुग्णालयातच केले आणि मग बायकांची भीड चेपली, अशी आठवण सांगितली जाते.

१९०४ मध्ये दादाजी वारले. ज्यांच्या घरी त्या कधी नांदल्या नाहीत, त्यांच्या मागे रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले. याचे अर्थ अनेकांनी अनेक लावले आहेत. आम्हांस वाटते, त्यांचे भांडण सक्तीशी होते, रूढ आचाराशी सरसकट नव्हते.

सरकारच्या मुख्य वैद्यक सेवेची दारे स्त्रियांना बंद होती. १९१४ साली त्यांच्यासाठी निराळी सेवा निघाली. तीही पुरुषांच्या सेवेच्या बरोबरीची नव्हे. तीतील जागा चालून आली असता रखमाबाईंनी ती नाकारली आणि राजकोटच्या जनाना रुग्णालयाचे काम पत्करले. सुमारे ३५ वर्षांच्या सेवेनंतर त्या निवृत्त झाल्या. पडद्याची चाल का नाहीशी व्हावी, हे त्यांनी १९२९ साली एका पुस्तिकेत मांडले. पडद्याआडची दुखणी त्यांच्याइतकी जवळून कोणी पाहिली होती?

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.