डॉ. भाऊ दाजी लाड व विद्वत्सभेचें द्वार

आपल्या भडगांवाहून फार दूर नसलेल्या चाळीसगांवाजवळ, डोंगरांच्या कुशींत पाटण नांवाचें प्राचीन स्थळ आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापला, असें तेथील एका शिलालेखांत नमूद आहे. लेखाचा कांहीं भाग जुन्या मराठींत आहे. शेंकडों वर्षें मूकपणें पडलेला हा लेख १८६५ सालीं विद्वानांपुढें आणण्याचें श्रेय मुंबईच्या एका वैद्याकडे जातें. त्यांचें नांव डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचें मूळ नांव रामकृष्ण विठ्ठल. त्यांचा जन्म गोमंतकांत पेडणें महालांतील मांद्रें येथें झाला. घरची स्थिति अगदीं बेताची होती. परंतु वडिलांनीं मुलाला मुंबईस आणिलें आणि बुद्धीनें पुढील वाट काढिली. एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकून ते तेथेंच अध्यापक झाले. कच्छ व काठेवाड या प्रांतांतील बालकन्यांच्या हत्येवर त्यांनीं लिहिलेल्या निबंधास ६०० रुपयांचें बक्षीस मिळालें. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें, त्यांत त्यांनीं नांव घातलें व १८५१ सालीं पहिल्या तुकडीबरोबर ते उत्तीर्ण झाले. बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासह ते गोरगरिबांस विनामूल्य औषधें देत. कुष्ठरोगावरील औषधाच्या शोधांतही त्यांनीं पुष्कळ श्रम घेतले.

वैद्यकाच्या धांवपळींतून उरलेला वेळ ते प्राचीन लेख, नाणीं व पोथ्या यांस देत. अशा संशोधनाचें त्या काळचें मुंबईंतील मुख्य पीठ म्हणजे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा. तिचा उगम १८०४ सालीं स्थापन झालेल्या विद्वत्सभेंत होता. सभासदांनीं नवें नांव सुचवावें व मतें घेऊन निवड करावी, अशी अशा सभांची रीत असे. रीत दिसावयास निर्दोष. परंतु मतें देणारे सारे युरोपियन असल्यामुळें, ज्या देशाच्या विद्येचा शोध चालला होता त्याच देशाचे लोक कितीएक वर्षें दाराबाहेर राहिले! बाळशास्त्री जांभेकरांसारख्या पंडिताचे ताम्रपटांवरील निबंध सभेच्या नियतकालिकांत छापले गेले. परंतु निबंधाला जागा मिळणें निराळें आणि निबंधकाराला आसन मिळणें निराळें. शेवटीं १८४० सालीं माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांची निवड झाली व तें दार उघडलें. त्या काळीं सुप्रसिद्ध मिशनरी डॉ. जॉन विल्सन हे सभेचे अध्यक्ष होते.

त्याच दारानें पुढें भाऊ आंत आले. कालिदासावरील त्यांचा निबंध व अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांचें त्यांनीं केलेलें वाचन सभेपुढें आलें आणि त्यांची कीर्ति युरोपांत पोंचली. पुढें ते त्याच सभेचे उपाध्यक्ष झाले.

परंतु भाऊंचा खरा मोठेपणा आंत गेल्यानंतर दिसला. जुनागडचे भगवानलाल इंद्रजी हे तेव्हां जेमतेम विशी ओलांडलेले तरुण होते. त्यांचें इंग्रजी शिक्षण झालें नव्हतें, पदवी नव्हती, नांवलौकिकही नव्हता. गिरनारच्या पायथ्याच्या शिळेवरील जुनी लिपि मात्र ते स्वतःच्या चिकाटीनें वाचावयास शिकले होते. भाऊंनीं पदवी विचारली नाहीं. त्यांनीं केलेली नक्कल पाहिली. १८६१ च्या सुमारास त्यांनीं त्यांस मुंबईस बोलावून घेतलें आणि शिलालेखांचे ठसे व नकला घेण्यासाठीं देशोदेशीं पाठविलें.

१८६५ सालीं मुंबईंतील शेअरांचा सट्टा कोसळला. त्यांत भाऊंनाही जबर तोटा झाला, तरी त्यांचें संशोधन थांबलें नाहीं. मुंबईच्या शेरीफपदाचा मान त्यांस १८६९ व १८७१ सालीं असा दोन वेळां मिळाला. ३१ मे १८७४ रोजीं त्यांचें निधन झालें. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें.

भगवानलालांनीं गुरूचें कार्य पुढें चालविलें. मुंबईच्या त्याच सभेनें त्यांस मानद सभासद केलें आणि हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. अजिंठ्याच्या लेखांचें भाऊंनीं केलेलें वाचन कांहीं ठिकाणीं सदोष होतें. तें पुढें दुरुस्त करणारांत भगवानलालही होते. गुरूची चूक शिष्यानें सुधारावी, हीच गुरूनें केलेली निवड अचूक असल्याची खूण होय.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेंतही वक्तृत्वमंडळ, विज्ञानमंडळ यांसारखीं मंडळें असतात. त्यांत कोणास घ्यावें हें ठरवितांना आपण बहुधा ओळखीचा, चांगल्या कपड्यांचा, चुरूचुरू बोलणारा मुलगा निवडतों. मागच्या बाकावर बसून वहींत कांहीं तरी चिकाटीनें उतरून घेणारा मुलगा कोणास दिसत नाहीं. पालकहो, आपणही मुलास अमक्या मंडळांत घेतलें कीं नाहीं, एवढेंच विचारतों. तेथें त्यानें काय केलें, हें विचारावयाचें राहून जातें. भाऊंच्या चरित्राचा आपणांस हाच बोध आहे. ज्यास दार बंद आहे त्यानें काम सोडूं नये; आणि ज्यास दार उघडलें त्यानें आपल्या मागें तें लावून घेऊं नये.