विश्लेषण : कवटी न उघडता मेंदूतील गाठ दिसली कशी? सीटी स्कॅनचे जनक हाऊन्सफिल्ड यांची गोष्ट

कोरोनाकाळात ‘एचआरसीटी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. पण सीटी स्कॅन यंत्राची पहिली कसोटी लागली ती फुप्फुसावर नव्हे, मेंदूतील गाठीवर. आणि ते घडवणारे गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड डॉक्टर नव्हते.

कोण होते हाऊन्सफिल्ड?

जन्म २८ ऑगस्ट १९१९, इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर. शेतकरी कुटुंबातील पाच भावंडांत ते धाकटे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात रडारचे तंत्र शिकले. पुढे लंडनच्या फॅरेडे हाऊसमधून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. विद्यापीठात ते शिकलेच नव्हते. गाण्यांच्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत त्यांनी आधी रडार आणि मग संगणकावर काम केले.

अडचण काय होती?

साध्या एक्स-रेमध्ये पुढचे-मागचे सारे अवयव एकावर एक दिसतात. कवटीच्या हाडाआड मेंदू तर जवळपास दिसतच नाही. त्यामुळे मेंदूभोवतीचा द्रव काढून तिथे हवा भरायची आणि मग एक्स-रे घ्यायचा, अशी तपासणी होत असे. रुग्णाला त्यात असह्य डोकेदुखी होई.

उपाय कसा सापडला?

१९६७ मध्ये हाऊन्सफिल्ड यांना युक्ती सुचली. एकाच पातळ कापातून अनेक कोनांनी किरण सोडायचे, पलीकडे किती पोहोचले ते मोजायचे आणि त्या आकड्यांवरून संगणकाने आतले चित्र उभे करायचे. सुरुवातीला एका चित्राच्या मोजणीला तब्बल नऊ दिवस लागले. खाटकाकडून आणलेल्या जनावरांच्या मेंदूंवर प्रयोग झाले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्या सहकार्याने एका महिलेचे स्कॅन झाले. तिच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. चित्रात ती स्पष्ट दिसली आणि शस्त्रक्रियेत तिथेच सापडली. सर्जनला आता कुठे उघडायचे, हे आधीच कळणार होते.

आज काय बदलले?

पहिले चित्र ८० बाय ८० चौकटींचे होते. आज ते साधारण ५१२ बाय ५१२ चे असते. एक मिलिमीटरहून पातळ कापही घेता येतात. त्यामुळे फुप्फुसातील काही मिलिमीटरची गाठही दिसते. रिपोर्टमधील ‘एचयू’ म्हणजे हाऊन्सफिल्ड युनिट. पाणी शून्य, हवा उणे १,०००. गाठीत द्रव, चरबी की चुना, याचा अंदाज या आकड्यावरून येतो. ती कर्करोगाची आहे का, हे मात्र बहुतेक वेळा बायोप्सीच ठरवते.

शेवट कसा झाला?

१९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. कॉरमॅक यांनी यामागचे गणित स्वतंत्रपणे मांडले होते. १२ ऑगस्ट २००४ रोजी हाऊन्सफिल्ड यांचे निधन झाले. त्यांचे नाव आजही सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये दोन अक्षरांत छापले जाते.