रॉबर्ट ब्रूस फूट : गुहेतली हाडं शोधणारा माणूस

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांत सहल गेली की एखादं मूल हमखास विचारतं, इथे पूर्वी अस्वलं राहायची का? त्यांची हाडं सापडतील का? या प्रश्नाच्या निमित्ताने मुलांना रॉबर्ट ब्रूस फूट यांची ओळख जरूर करून द्या.

फूट यांचा जन्म १८३४ साली इंग्लंडमध्ये झाला. १८५८ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरमला त्यांना अश्मयुगीन माणसाचं दगडी हत्यार सापडलं. भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला तिथून चालना मिळाली.

आपल्या सीमाभागाशीही त्यांचं नातं आहे. बेळगाव परिसरात फिरताना गोकाकजवळ त्यांना नामशेष झालेल्या गेंड्याची हाडं मिळाली. १८७४ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं.

१८८४ साली ते कर्नूल जिल्ह्यातल्या बिल्लासुर्गम गुहांकडे वळले. लष्करात अधिकारी असलेला मुलगा हेन्री याने खोदकाम पुढे नेलं. मातीच्या थरांतून नामशेष गेंड्याची हाडं निघाली, तशीच आजही आपल्या जंगलांत राहणाऱ्या अस्वलाचीही निघाली. म्हणजे बघा, शेजारी राहणाऱ्या दोन प्राण्यांपैकी एक संपला, दुसरा टिकला!

फूट यांना आशा होती ती दगडी हत्यारांची. ती काही मिळाली नाहीत. माणसाने घडवलेली वाटणारी हाडं मिळाली, पण त्यांवर अभ्यासकांनी शंका घेतली. १९७० च्या दशकात त्याच भागातल्या दुसऱ्या गुहेत हाडांसोबत दगडी हत्यारं सापडली. ते पाहायला फूट नव्हते. निवृत्तीनंतरही बडोदा आणि म्हैसूर संस्थानांसाठी काम करून १९१२ साली त्यांचं निधन झालं होतं.

आता मुलांच्या प्रश्नाचं उत्तर. कर्नूलच्या गुहा चुनखडीच्या. पाण्याने खडक विरघळून त्या आपोआप तयार झाल्या आणि चुनायुक्त मातीत हाडं टिकली. आपल्या कर्जत-खालापूरचा काळा दगड लाव्हारसाचा. कोंडाण्याची लेणी त्यात माणसाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीने कोरली. नामशेष प्राण्यांच्या मानाने ही तर कालचीच गोष्ट. म्हणून तिथे तसली हाडं मिळायची नाहीत.

पण मूल असं विचारतं, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. पुढच्या सहलीत भिंतीवर हात ठेवायला सांगा आणि विचारा, हा दगड कुठला? ही गुहा कुणी केली? फूट यांचं सारं काम अशाच प्रश्नांवर उभं होतं.