कुकर फुटला तर चूक कुणाची? हा घोळ आधीच ओळखणाऱ्या डेनिस पापिन यांची गोष्ट

कुकर फुटल्याची बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, कंपनीने हलका माल गळ्यात मारला. दुसरा म्हणतो, वापरणाऱ्याला वापरता येत नाही.

गंमत म्हणजे ज्या माणसाने जगातला पहिला प्रेशर कुकर बनवला, त्याने हे भांडण सुरू होण्याआधीच त्यावर एक तोडगा काढून ठेवला होता. तो तोडगा आजही तुमच्या कुकरच्या झाकणावर बसलेला आहे. आपण त्याला शिटी म्हणतो.

डेनिस पापिन (फ्रेंच उच्चार डेनी पापँ) यांचा जन्म १६४७ साली फ्रान्समध्ये ब्लोआ शहराजवळच्या एका गावी झाला. शिक्षण डॉक्टरकीचं, पण मन रमलं ते हवा, वाफ आणि पंपांमध्ये. पॅरिसमध्ये त्यांनी ख्रिस्तियान हायगेन्स या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केलं. तिथेच लाइबनिट्झ या गणितज्ञाशी ओळख झाली, ती पुढे पत्रांमधून बरीच वर्षं टिकली. १६७५ मध्ये ते लंडनला गेले आणि रॉबर्ट बॉइल यांच्यासोबत हवेच्या दाबावर प्रयोग करू लागले.

हाडं विरघळवणारं भांडं

१६७९ मध्ये पापिन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर एक जाडजूड धातूचं भांडं ठेवलं. झाकण स्क्रूने घट्ट आवळलेलं. नाव दिलं 'डायजेस्टर', म्हणजे पचवणारं यंत्र. त्यात हाडं टाकायची, पाणी घालायचं आणि खाली कोळसा पेटवायचा.

यामागचं विज्ञान सोपं आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि कितीही आच दिली तरी तिथेच थांबतं. वाफ आत कोंडली की दाब वाढतो आणि पाणी त्याहून जास्त तापतं. आपल्या घरच्या कुकरमध्ये साधारण १२० अंशांपर्यंत. म्हणून तूरडाळ पटकन गळते. पापिन यांच्या भांड्यात हाडं गळायची.

हाडं टाकून न देता त्यातून गरिबांना पोटभर, स्वस्त अन्न मिळावं हा त्यांचा हेतू होता. १६८१ मध्ये त्यांनी या यंत्रावर पुस्तकही लिहिलं. आतलं तापमान मोजायची त्यांची युक्ती फार भारी होती. झाकणावरच्या खळग्यात पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि तो उडून जायला किती वेळ लागतो ते लंबक हलवून मोजायचं!

१२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या काही सदस्यांसाठी याच भांड्यात शिजवलेलं जेवण झालं. मासे, मटण, बीफ, कबुतरं, सगळं. जेवायला हजर असलेल्या जॉन एव्हलिन यांनी डायरीत नोंद करून ठेवली आहे. कडक हाडं चीजसारखी मऊ झाली होती आणि कोळसा लागला होता पाव किलोहून कमी.

शिटीच्या आधीची शिटी

पण वाफ कोंडलेलं भांडं म्हणजे चुलीवर ठेवलेला बॉम्ब. आच किती ठेवायची, कधी विझवायची हे सगळं वापरणाऱ्याच्या हातात. आणि माणूस विसरतो.

थोडा हिशोब करू. कुकरच्या झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरा. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो धरला, तर वाफ त्या झाकणाला ३०० किलोहून जास्त जोराने वर ढकलत असते. दाब उतरायच्या आत झाकण ओढून काढायला जाणं म्हणजे काय, ते यावरून कळेल.

पापिन यांनी झाकणाला एक छोटं भोक पाडलं. त्यावर झडप बसवली आणि झडपेवर एक आडवा दांडा ठेवला. दांड्याचं एक टोक पक्कं, दुसऱ्या बाजूला वजन अडकवलेलं. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की झडप आपोआप उचलली जाते, वाफ बाहेर पडते आणि दाब उतरला की झडप परत बसते. कुणी लक्ष देवो न देवो. हाच सेफ्टी व्हॉल्व्ह.

माझ्या मते पापिन यांचं खरं मोठं काम कुकर नाही, हे आहे. वापरणारा चुकणारच, हे त्यांनी यंत्र बनवतानाच धरून ठेवलं.

अर्थात त्यातही एक पळवाट होती. वजन दांड्यावर पुढे-मागे सरकवता यायचं. म्हणजे दाबाची मर्यादा किती, हे पुन्हा माणूसच ठरवणार. पुढे वाफेची इंजिनं आली तेव्हा जास्त ताकद मिळवायला चालक झडपेवर वजन वाढवायचे, नाहीतर सरळ ती बांधून टाकायचे.

१८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिच इथे रिचर्ड ट्रेविथिक यांच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि माणसं दगावली. ट्रेविथिक यांचं म्हणणं होतं की दोष यंत्राचा नाही, ते सांभाळणाऱ्यांच्या हलगर्जीपणाचा आहे. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या बॉयलरांना त्यांनी दोन झडपा दिल्या, त्यातली एक चालकाला हलवताच येणार नाही अशी. शिवाय शिशाचं एक बूच बसवलं. पाणी आटून बॉयलर जास्त तापला की ते वितळायचं आणि वाफ निसटायची.

आता तुमच्या कुकरचं झाकण हातात घ्या. शिटीचं वजन ही पापिन यांची कल्पना. बाजूचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह ट्रेविथिक यांच्या बुचाचा वंशज, कारण त्यातही कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. काही कुकरांच्या झाकणाच्या कडेला लांबट खाच असते. बाकी सगळं तुंबलं तर तिथून रबर बाहेर फुगतं आणि वाफेला वाट मिळते.

मग तरीही कुकर का फुटतात? शिटीखालच्या नळीत डाळीचा फेस किंवा भाताचं शीत अडकतं. भांडं काठोकाठ भरलेलं असतं. खरं तर दोन तृतीयांशाच्या वर भरायचंच नसतं आणि फुगणाऱ्या, फेसाळणाऱ्या पदार्थांसाठी निम्म्यावर थांबायचं असतं. वितळलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी दुकानातून मिळेल तो स्वस्तातला बसवला जातो. तो वेळेवर वितळलाच नाही तर? इथे चूक घरातल्यांची म्हणायची, की नकली भाग बनवणाऱ्याची? मला तरी दुसऱ्याचीच जास्त वाटते, कारण धातू खरा की खोटा हे स्वयंपाकघरात उभं राहून कुणाला कळणार? सरकारनेही हे मान्य केल्यासारखं दिसतं. २०२० मध्ये काढलेल्या आदेशानुसार १ फेब्रुवारी २०२१ पासून भारतात घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे.

घरात पोहोचायला अडीचशे वर्षं

पापिन यांच्या हयातीत मात्र डायजेस्टर घराघरांत गेला नाही. भांडं जड, झाकण आवळायला कटकट आणि लोकांच्या मनात धाकधूक. १६८७ मध्ये त्यांनी यंत्रावरचं दुसरं पुस्तक काढलं. त्यात आठवड्यातून एकदा लंडनमध्ये येऊन यंत्र चालताना बघा, असं आमंत्रणही दिलं. सुटसुटीत घरगुती कुकर अमेरिकेच्या बाजारात आले ते थेट १९३० च्या दशकाच्या शेवटी. मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली १९५९ मध्ये.

पापिन प्रोटेस्टंट होते. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि मायदेशी परतण्याचा रस्ता बंद झाला. ते जर्मनीत मारबुर्गला गणिताचे प्राध्यापक म्हणून गेले. झडप वाफेने उचलली जाते, मग दट्ट्या का नाही? १६९० मध्ये त्यांनी नळकांड्यात वाफेने दट्ट्या वर-खाली करणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली.

१७०७ मध्ये ते स्वतः बनवलेल्या बोटीतून इंग्लंडकडे निघाले. ही जगातली पहिली वाफेची बोट होती असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, पण तिची चाकं बहुधा हातानेच फिरवली जात होती. म्युंडेन गावाशी तिथल्या नावाड्यांच्या संघटनेने ती अडवली आणि तोडून टाकली.

लंडनमध्ये आता जुने आश्रयदाते राहिले नव्हते. बॉइल यांचं निधन होऊन १६ वर्षं झाली होती. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते न्यूटन. पापिन प्रयोगांसाठी पैसे मागत राहिले, पण पुरेसे कधी मिळाले नाहीत. त्यांचं शेवटचं ज्ञात पत्र जानेवारी १७१२ चं आहे. त्याच वर्षी थॉमस न्यूकोमेन यांचं दट्ट्याचं वाफेचं इंजिन इंग्लंडमधल्या एका कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसू लागलं.

पापिन यांचं पुढे काय झालं, हे ३०० वर्षं कुणाला माहीत नव्हतं. मग लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या जुन्या नोंदवहीत एक ओळ सापडली. २६ ऑगस्ट १७१३ रोजी डेनिस पापिन नावाच्या माणसाचं तिथे दफन झालं होतं. चारच दिवसांपूर्वी त्यांना ६६ वर्षं पूर्ण झाली होती.